कडेपुरतंच कापणारी करवत

10 मि.मी. जाडीच्या एमएस (साध्या पोलादाच्या) प्लेटला 50 मि.मी.चं भोक पाडायचं आहे. त्या गोलातलं सगळं पोलाद कोरून काढायचं ठरवलं, तर दीडशे ग्रॅम धातूचा चुरा करावा लागेल. होल सॉ, म्हणजे कपाच्या कडेला दात असलेली गोल करवत, तसं करतच नाही. तो कडेकडेने साधारण 2 मि.मी. रुंदीची खाच पाडतो आणि थांबतो. धातूचा जेमतेम सहावा-सातवा हिस्सा कापला जातो. बाकीची सव्वाशे ग्रॅमची चकती अखंड बाहेर येते. एवढ्या कमी श्रमात एवढं मोठं भोक! मला याचं नवल अजून वाटतं.

आणि ही युक्ती किती जुनी! प्राचीन इजिप्तचे कारागीर तांब्याची नळी आणि वाळू घेऊन ग्रॅनाइटला भोकं पाडत. नळी फिरे, कापायचं काम वाळूचे कण करत. गिझाला सापडलेल्या अशाच एका ग्रॅनाइटच्या गाभ्याचं वर्णन फ्लिंडर्स पेट्री यांनी 1883 सालच्या आपल्या पुस्तकात केलं आहे. तो गाभा म्हणजे आपल्या चकतीचा पूर्वजच.

आजचा बायमेटल होल सॉ डोळ्यांजवळ धरून पाहा. कपाचं अंग लवचिक पोलादाचं, कारण झटका बसला तर ते तडकता कामा नये. दात हायस्पीड स्टीलचे, चांगल्या प्रतीत 8 टक्के कोबाल्ट असलेले. एक दात किंचित बाहेर झुकलेला, एक आत, एक सरळ. म्हणूनच खाच कपाच्या भिंतीपेक्षा रुंद पडते आणि कप अडकत नाही.

आता वेग. 50 मि.मी.चा बायमेटल सॉ साध्या पोलादावर मिनिटाला 170 फेऱ्यांच्या आसपास चालवावा. म्हणजे दात मिनिटाला 27 मीटर जातो, तासाला दीड-पावणेदोन किलोमीटर. रमतगमत चालणारा माणूससुद्धा याहून भरभर जातो! तोच सॉ 2800 फेऱ्यांच्या हँड ड्रिलला लावून ट्रिगर पूर्ण दाबला, तर दात तासाला 26 किलोमीटरने पळतो आणि काही क्षणांत जळतो. व्यास दुप्पट झाला की फेऱ्या निम्म्या करायच्या. स्टेनलेस स्टीलला (एसएस) त्याही निम्म्या, आणि दाब सोडायचा नाही; दात नुसता घासत राहिला की एसएसचा पृष्ठभाग आणखी कडक होतो.

पण होल सॉची खरी अडचण वेगळीच आहे. साध्या ड्रिलच्या पिळातून बुरा वर चढून येतो. इथे अरुंद गोल खाचेत बुऱ्याला वाटच नाही. तो दातांमधल्या खोबणीत साचतो, मग दात धातूऐवजी बुऱ्यावरच घासत राहतो आणि तापतो. बुरा निळा पडला, तर तो 300 अंश सेल्सिअसच्या आसपास गेला होता असं समजा. कटिंग ऑइल घाला, सॉ अधूनमधून वर उचला, बुरा ब्रशने झाडा.

याहून भारी उपाय एका छोट्या भोकाचा. सेंटर पंच मारून पायलट ड्रिलचं भोक पाडा, सॉने गोल हलकासा उमटवा. मग त्या रेषेला आतून चाटून जाईल असं 6 मि.मी.चं भोक आरपार पाडा. आता प्रत्येक दात फेरीत एकदा त्या भोकावरून जातो आणि आपला बुरा खाली टाकून मोकळा होतो. काम किती पटापट उरकतं, ते करूनच पाहावं.

जाड प्लेट आणि भोकं पुष्कळ असतील, तर माझं मत स्पष्ट आहे: मॅग्नेटिक ड्रिल आणि अ‍ॅन्युलर कटर. या कटरला बाहेरून पीळ असतो, बुरा स्वतःहून वर येतो. कार्बाइडच्या दातांचा सॉ टिकतो खूप, पण कार्बाइड ठिसूळ असतं. हातात थरथरणाऱ्या ड्रिलवर ते दात उडतात.

भोक पाइपसाठी असेल, तर सॉच्या खरेदीआधी पाइप बाहेरून मोजा. ‘दोन इंची’ म्हणून मिळणारा लोखंडी पाइप बाहेरून 60.3 मि.मी. भरतो, 50 च्या भोकात तो जाणार नाही. प्लेट क्लॅम्पने घट्ट आवळा, चष्मा लावा, हातमोजे मात्र काढून ठेवा. आरपार जाताना सॉ हिसका देतो, तेव्हा शेवटच्या मिलिमीटरला दाब हलका करा.