तीन मिनिटांची तबकडी

प्रत्येक तबकडीचे जन्म दोन असतात. एक गाणाऱ्यांच्या व वाजविणाऱ्यांच्या हातून, आणि दुसरा ती विकणाऱ्या कंपनीच्या हातून. पहिल्याविषयीं आपण आवडीनें बोलतों; दुसऱ्याकडे सहसा लक्ष देत नाहीं. तथापि गाणें केव्हां निघालें, किती लांबीचें निघालें, पुन्हां कोणीं व कां काढलें, या गोष्टीच पुष्कळदां त्याचें भाग्य ठरवितात. याचें एक ठळक उदाहरण म्हणजे इंग्लंडांतील ‘ब्लॅक सॅबथ’ या वाद्यवृंदाचें ‘पॅरानॉइड’ हें गाणें.

‘हेवी मेटल’, म्हणजे शब्दशः ‘जड धातु’, या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संगीताच्या आद्य प्रवर्तकांत या वृंदाची गणना होते. गायक ऑझी ऑसबोर्न, गिटारवादक टोनी आयोमी, खर्जाची गिटार वाजविणारे गीझर बटलर आणि ड्रमवादक बिल वॉर्ड हे चौघेहि बर्मिंगहॅमच्या ॲस्टन या कामकरी वस्तींतले. आयोमी सतरा वर्षांचे असतांना पत्र्याच्या कारखान्यांतील यंत्रांत त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचीं टोकें तुटलीं. ते डावरे असल्यामुळें तारा दाबण्याचा हात नेमका तोच! वादन संपलें असें मानून बसलेल्या त्या मुलाला कारखान्यांतल्या वरिष्ठानें जँगो राइनहार्ट यांची तबकडी ऐकविली. जळालेल्या हाताच्या दोन बोटांवर हे कलावंत गिटारीचे सूर काढीत असत. आयोमींनीं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणें केलीं, हलक्या तारा लावल्या, आणि वादन पुन्हां सुरू केलें. एका तबकडीनें काय होऊं शकतें याचा हा पहिला दाखला.

आतां मुख्य कथेकडे वळूं. जानेवारी १९७० मध्यें या वृंदाची पहिली सिंगल, म्हणजे एका गाण्याची छोटी तबकडी, बाजारांत आली. ‘ईव्हिल वुमन’ हें तिच्यावरील गाणें मूळचें दुसऱ्याच एका वृंदाचें होतें. तें चाललें नाहीं. १३ फेब्रुवारी १९७० रोजीं निघालेल्या मोठ्या तबकडीचें मात्र चांगलें स्वागत झालें, आणि जूनमध्यें दुसऱ्या मोठ्या तबकडीचें ध्वनिमुद्रण झालें. तिचें नांव ‘वॉर पिग्ज’ असें योजलें होतें. मुखपृष्ठासाठीं ढाल-तलवार घेतलेल्या एका माणसाचें छायाचित्रहि घेतलें होतें. परंतु तबकडी भरण्यास तीन-चार मिनिटें कमी पडूं लागलीं. तेव्हां आयोमींनीं एक स्वरावली बसविली, बटलर यांनीं घाईघाईनें शब्द लिहिले, आणि गाणें तयार झालें. ‘पॅरानॉइड’ म्हणजे संशयानें ग्रासलेला; हा शब्द गाण्यांत एकदांहि येत नाहीं. ज्या गाण्याचा जन्म केवळ जागा भरण्यासाठीं झाला, तेंच पुढें या वृंदाचें ओळखपत्र ठरलें!

कंपनीनें हेंच गाणें सिंगलसाठीं कां निवडलें? याचें उत्तर लांबींत आहे. आपल्याकडील जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूस सुमारें तीन-साडेतीन मिनिटें बसत, आणि तेवढ्यांत राग मांडावा लागे, हें श्रोत्यांस ठाऊक आहेच. पुढें ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी आली, तरी नभोवाणीची संवय तीन मिनिटांचीच राहिली. ‘वॉर पिग्ज’ हें गाणें जवळजवळ आठ मिनिटांचें. ‘पॅरानॉइड’ तीन मिनिटांच्या आंतलें. १९७० च्या उन्हाळ्यांत ब्रिटनमध्यें व्हर्टिगो या छापाखालीं तें निघालें. मागील बाजूस पहिल्या मोठ्या तबकडींतील ‘द विझर्ड’ हें गाणें घातलें होतें. खपाच्या यादींत त्यानें चौथा क्रमांक गांठला. तें चालणार असें दिसतांच कंपनीनें मोठ्या तबकडीचें नांवहि ‘पॅरानॉइड’ असें बदललें. मुखपृष्ठ बदलावयाचें मात्र राहून गेलें. म्हणून १८ सप्टेंबर १९७० रोजीं निघालेल्या त्या तबकडीवर, नांवाशीं कांहींहि संबंध नसलेला तो ढाल-तलवारीचा वीर आजहि उभा आहे. ही मोठी तबकडी ब्रिटनमध्यें पहिल्या क्रमांकावर गेली. अमेरिकेंत सिंगल ६१ व्या क्रमांकापलीकडे गेली नाहीं. तेथें मोठी तबकडी जानेवारी १९७१ मध्यें निघाली व १२ व्या स्थानापर्यंत पोहोंचली.

यशाचेंहि ओझें होतें. दूरचित्रवाणीवर गाणें झाल्यावर कार्यक्रमांना किंचाळणाऱ्या पोरवयीन श्रोत्यांची गर्दी होऊं लागली. आपण क्षणिक लोकप्रियतेचे मानकरी ठरूं, या भीतीनें वृंदानें सिंगल काढण्याचेंच टाळलें; ब्रिटनमध्यें पुढची सिंगल थेट १९७२ सालीं निघाली.

गाण्याचें आयुष्य मात्र कर्त्यांच्या इच्छेवर थांबत नाहीं. १९७९ मध्यें ऑसबोर्न वृंदांतून बाहेर पडले होते, आणि १९८० मध्यें वृंद नव्या गायकाबरोबर नवी तबकडी घेऊन उभा होता. त्याच वर्षीं जुन्या गाण्यांचे हक्क असलेल्या नेम्स या कंपनीनें ‘पॅरानॉइड’ पुन्हां बाजारांत आणलें, आणि तें ब्रिटनमध्यें १४ व्या क्रमांकापर्यंत चढलें. नव्या गायकाच्या पहिल्याच वर्षीं दुकानांत जुन्या गायकाचा आवाज ऐकूं यावा, हा प्रकार त्याला किती अवघड वाटला असेल! हक्कपत्रावरील सही कलावंताच्या मतापेक्षां अधिक काळ टिकते, हा धडा प्रत्येक तरुण गवयानें ध्यानांत ठेवण्याजोगा आहे.

५ जुलै २०२५ रोजीं बर्मिंगहॅममधील व्हिला पार्क मैदानावर मूळचे चौघे अखेरचे एकत्र आले. ऑसबोर्न यांना उभें राहवत नव्हतें. ते आसनावर बसून गायिले. शेवटचें गाणें ‘पॅरानॉइड’च होतें. त्यानंतर सतरा दिवसांनीं, २२ जुलै रोजीं, ते निवर्तले.

हें संगीत सर्वांस रुचेल असें नाहीं, आणि रुचावें असा माझा आग्रहहि नाहीं. परंतु घरांतील तरुणांच्या खोलींतून तो कर्कश नाद कानीं आला, तर ‘हा गोंगाट बंद कर’ म्हणण्यापूर्वीं, ‘ही तबकडी केव्हांची, आणि कोणीं काढली?’ एवढें तरी विचारावें. त्या प्रश्नानें संभाषणाचें दार उघडतें. आज्ञेनें तें बंद होतें.