मालवणात स्कुबा केलं? मग लगेच घाट चढू नका

कोल्हापूर : सुट्टी जोडून आली की आपल्याकडच्या गाड्या मालवण, तारकर्लीला निघतात. सकाळी पाण्याखाली जाऊन मासे बघायचे, व्हिडिओ काढायचा, दुपारी माशाचं ताट, आणि संध्याकाळी घाट चढून घरी. यातली शेवटची घाई टाळा. का, ते समजून घ्या.

अंगात काय होतं?
पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. पाठीवरच्या टाकीत बहुतेक वेळा साधी हवाच दाबून भरलेली असते. त्या हवेतला नायट्रोजन दाबामुळं रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली आठवा. बंद असते तोवर गॅस दिसत नाही, दाब सुटला की बुडबुडे येतात. वर आल्यावर हा नायट्रोजन श्वासावाटे निघून जातो, पण त्याला काही तास लागतात. तेवढ्यात उंचावर गेलात तर तिथं हवेचा दाब कमी असतो, आणि अंगात बुडबुडे होऊ शकतात.

किती वेळ थांबायचं?
सुमारे ६०० मीटरपेक्षा उंच जायचं असेल, तर एका डाईव्हनंतर किमान १२ तास आणि जास्त डाईव्ह केल्या असतील तर १८ तास थांबावं, असा डायव्हर लोकांचा नियम आहे. विमानालाही तोच. आंबोली सुमारे ६९० मीटरवर आहे. नवख्यांना थोड्याच खोलीवर आणि थोडाच वेळ नेतात, त्यामुळं धोका कमी असतो. तरी एक मुक्काम केलेला बरा.

अंदमानला जाणार असाल तर
तिथलं बॅरन बेट म्हणजे देशातला एकमेव जिवंत ज्वालामुखी. सह्याद्रीचा काळा दगडसुद्धा लाव्हाचाच, पण कोट्यवधी वर्षांपूर्वी थंड झालेला. बॅरन १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला. तिथं पाण्याखालीही लाव्हाचे कडे दिसतात. अनुभवी डायव्हर तिथं खोल आणि अनेकदा उतरतात. म्हणून परतीच्या विमानाआधी १८ तासांचा नियम तिथं काटेकोर पाळावाच लागतो.

हे विसरू नका
• पाण्यात श्वास कधीच रोखू नका. वर येताना रोखलेली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होते.
• दमा, हृदयविकार, गरोदरपण किंवा सर्दीनं कान बंद असतील तर उतरू नका. आजार लपवून फॉर्मवर सही करू नका.
• दारू पिऊन पाण्यात जाऊ नका.
• प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र बघायला मागा. लाजू नका, जीव आपला आहे.
• नंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर किंवा धाप लागली, तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून झोपू नका. १०८ ला फोन करा आणि ‘स्कुबा केलं होतं’ हे डॉक्टरांना आधी सांगा.