भिंतीवर उरलेले धंदे

पुणे–नाशिक रस्ता चौपदरी होण्याआधी मंचर, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, सिन्नर ही गावं एसटीच्या खिडकीतून आधी भिंतींवर वाचायला मिळायची. पहिलं घर यायचं ते पाठमोरं, आणि त्या पाठीवर जर्दा, बिडी, पाण्याचा पंप, माकडछाप काळी टूथ पावडर, नाहीतर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. रुंदीकरणात रस्त्याकडेची पुष्कळ बांधकामं गेली, बाह्यवळणांनी गावंच बाजूला टाकली. तरी अशा कुठल्याही गावाच्या जुन्या पेठेत शिरलं तर एखाद्या वाड्याच्या बाजूला अर्धी शिरोरेषा आणि तिला लटकलेली दोन-तीन अक्षरं दिसतात.

ती कुणाची, हे शोधताना एक गोष्ट ध्यानात येते. जी कंपनी जोरात चालते, तिची जुनी जाहिरात सहसा सापडत नाही. ती ठरावीक काळाने रंगारी पाठवते, नवा हात मारते, बोधचिन्ह बदललं की सगळी भिंत बदलते. जुनं टिकतं ते जिथे पैसा आटला, कायदा आडवा आला किंवा गरजच संपली तिथे. म्हणून या भिंती म्हणजे भरभराटीचा इतिहास नव्हे. थांबलेल्या कामांचं हे दप्तर आहे, आणि ते कुणी मुद्दाम ठेवलेलं नाही.

भिंत निवडण्यात पेंटरची खरी अक्कल लागे. एसटी जिथे थांबते त्याच्या समोरची, घाट चढताना ट्रक जिथे रेंगाळतो तिथली, वळणावर गाडीच्या तोंडासमोर येणारी भिंत पहिल्या पसंतीची. घरमालकाला मोबदला बेताचाच. पुष्कळदा भिंतीला फुकट सफेदी मिळाली यातच तो खूश असे. आधी चुन्याचा किंवा डिस्टेंपरचा हात. मग नीळ किंवा गेरू लावलेली दोरी दोन टोकांना ताणून मधून उचलायची आणि सोडायची, की सरळ रेघ उमटे. ती बहुधा शिरोरेषाच. देवनागरी अशा कामाला फार सोयीची लिपी आहे: वरची रेघ एकदा सरळ पडली की अक्षरं तिच्याखाली टांगत जायची, जागा कमी पडली तर शेवटचं अक्षर दाबून बसवायचं. विटांचे थर आयत्या मोजपट्टीसारखे कामी येत. कडा मुख्य पेंटर ओढणार, आतलं भरण हाताखालचा पोरगा करणार, आणि सावली देऊन अक्षर उठवायचं काम पुन्हा उस्तादाकडे. कोपऱ्यात पेंटर आपलं नाव आणि गाव बारीक अक्षरांत टाकी. कंपनीच्या पैशाने केलेली ही त्याची स्वतःची जाहिरात!

टिकण्याचं गणित मात्र रंगाच्या डब्यात. सरस किंवा डिंक घालून कालवलेला रंग काही पावसाळ्यांत धुऊन जातो. जवसाच्या तेलात घोटलेला शिशाचा सफेदा वेगळा: शिसं आणि तेल यांचा संयोग होऊन चिवट थर बनतो आणि तो दगड-विटेला धरून राहतो. गेरू म्हणजे लोहाची माती, तिला ऊन फारसं बाधत नाही. भडक, स्वस्त लाल-गुलाबी रंग आधी उडतात. एकावर एक रंगवलेल्या दोन जाहिरातींपैकी वरची विरली की खालची डोकावते, आणि मग एकाच ओळीत बिडी आणि बियाणं अशी भेसळ वाचावी लागते. भिंत पावसाने भिजली की हे जास्त स्पष्ट दिसतं. तसा शिशाचा रंग आता मिळणार नाही. घरगुती रंगांतलं शिसं नोव्हेंबर २०१७ पासून दशलक्ष भागांत ९० भागांपुरतं मर्यादित झालं. मुलांच्या जिवाचा प्रश्न असल्याने ते योग्यच झालं.

कायदा आडवा आल्याचं ठळक उदाहरण याच रस्त्यावरचं. गायछाप जर्दा संगमनेरचा. बिडीच्या धंद्यात सिन्नरचं नाव मोठं. तेंदूची पानं विदर्भाच्या जंगलांतून यायची आणि वळण्याचं काम बायका सुपात तंबाखू घेऊन घरी करायच्या. संगमनेर, नगर, सोलापुरात त्यांत तेलंगणातून आलेल्या पद्मशाली कुटुंबांतल्या पुष्कळ. भिंतीवर छाप आणि नाव यायचं, या बायका नाहीत. २००३चा तंबाखू नियंत्रण कायदा झाला, १ मे २००४पासून जाहिरातबंदी लागू झाली. धंदे चालूच राहिले, पण भिंतींवर नवा हात मारायची सोय संपली. तंबाखूची जुनी अक्षरं दिसतात ती बहुतेक त्या तारखेनंतर कुणी पुसायला आलं नाही म्हणून. पुण्याच्या साबळे-वाघिरे कंपनीला तर पुढे नावच सोडावं लागलं. संभाजी महाराजांचं नाव बिडीला नको, असा विरोध वाढला आणि २०२१मध्ये ‘संभाजी बिडी’ची ‘साबळे बिडी’ झाली. पाकिटावरचं नाव बदललं. जुन्या भिंती बदलायला कोण जातो?

गरजच संपल्याचं उदाहरण सरकारी आहे, आणि मला ते सगळ्यांत मोलाचं वाटतं. ‘देवीचा रोगी कळवा, एक हजार रुपये मिळवा’ ही ओळ साठी ओलांडलेल्या कुणालाही अजून आठवते. विकायचं काहीच नाही, उलट पैसे द्यायची तयारी. रोगी उरले नाहीत याची खात्री करायची, तर खबर देणाऱ्याला मोह पडेल एवढी रक्कम हवी, म्हणून बक्षीस वाढवत हजारावर नेलं. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण मे १९७५मधला. एप्रिल १९७७मध्ये आंतरराष्ट्रीय आयोगाने देश देवीमुक्त ठरवला. म्हणजे ही जाहिरात वाचून देवीचा एकही खरा रोगी सापडला नाही, यातच तिचं यश होतं.

अशा अक्षरांची निगा राखणारेही आहेत. इंग्लंडमधल्या यॉर्कमध्ये ‘बाइल बीन्स’ नावाच्या पोटाच्या गोळ्यांची मोठी जाहिरात एका घराच्या भिंतीवर आहे. २०१२मध्ये ती वर्गणी काढून पुन्हा रंगवली. या गोळ्या ऑस्ट्रेलियातल्या वनस्पतीपासून होतात, ही कथा धादांत खोटी असल्याचं स्कॉटलंडच्या न्यायालयाने १९०५–०६मध्येच ठरवलं होतं. तरी धंदा पुढे कित्येक दशकं चालला, आणि आता ती भिंत शहराचा वारसा! आपल्याकडे मालमत्तेचं विद्रूपण रोखणारा १९९५चा राज्य कायदा आहे, जुनी अक्षरं जपणारा नाही. मला दुसऱ्या कायद्याची घाईही नाही. यॉर्कसारखा नवा रंग चढवला की आपण पुन्हा जाहिरातच करत असतो.

फ्लेक्सने शहरातले पेंटर संपवले, पण खेड्यात भिंत अजून चालते: सिमेंट, बियाणं, ठिबक, धुण्याची पावडर. मधली काही वर्षं मोबाइल कंपन्यांची होती. हचची भिंत २००७मध्ये व्होडाफोनची झाली. २०१२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १२२ परवाने रद्द केले. युनिनॉरची टेलिनॉर होऊन ती २०१८मध्ये एअरटेलमध्ये गेली, त्याच वर्षी एअरसेल दिवाळखोरीत निघाली. बंद पडलेल्या कंपन्यांच्या भिंतींवरून पुन्हा हात फिरवणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे पुढच्या काळातली जुनी अक्षरं त्यांचीच असणार. फक्त त्यांचे रंग शिशाच्या सफेद्याइतके चिवट नाहीत.