रोल संपलेला नाही: जुन्या कॅमेऱ्यांबद्दलचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

दिवाळीच्या साफसफाईत कुणाच्या ना कुणाच्या घरी माळ्यावरून एक चामडी केस खाली उतरते. आत कॅमेरा असतो. आत्याचं लग्न, धाकट्याचं बारसं, गावचं कौलारू घर, सगळं त्याच्यावरच टिपलेलं. मग चर्चा सुरू होते. "आता याचा रोल कुठे मिळतोय?" "सेलच बंद झालाय म्हणे." "ठेवून दे, अँटिक म्हणून पैसे येतील." अर्ध्या तासात कॅमेरा केसमध्ये आणि केस परत माळ्यावर.

मी गेली काही वर्षं असेच जुने, सेकंडहँड कॅमेरे वापरते आहे. कॉलेजातली मुलं नव्यानं फिल्मकडे वळताहेत, त्यांचे काका-मामा वीस-पंचवीस वर्षांनी परतताहेत, आणि दोघांच्याही मनात जवळपास त्याच ऐकीव गोष्टी असतात. काहींमुळे माणूस उगाच घाबरतो, काहींमुळे उगाच पैसे घालवतो. म्हणून त्या एकेक करून तपासून पाहू.

गैरसमज 1: रोल बनणंच बंद झालंय.

हा समज पक्का झाला तो 2012 च्या जानेवारीत, कोडॅकनं दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा. पण अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये कोडॅकची फिल्म आजही तयार होते. मधे बंद केलेली एक्टाक्रोम ही स्लाइड फिल्म कंपनीनं 2018 मध्ये पुन्हा बाजारात आणली. इंग्लंडमध्ये इलफर्डच्या आणि चेक प्रजासत्ताकात फोमाच्या कृष्णधवल फिल्म बनतात. 2024 मध्ये तर पेंटॅक्सनं फिल्मचा कोरा करकरीत नवा कॅमेरा काढला.

आपल्याकडे उटीला हिंदुस्थान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना होता. त्याचा 'इंदू' रोल अनेक स्टुडिओवाल्यांना आठवत असेल. तो बंद पडल्यावर आपले बहुतेक रोल बाहेरून येतात आणि म्हणून महाग पडतात. महाग आहेत हे खरं, मिळत नाहीत हे खोटं.

खरा प्रश्न मापाचा आहे. 35 मिलिमीटरचा रोल सहज मिळतो. आपल्या कित्येक घरांत असलेल्या ॲग्फा क्लिकला 120 चा रोल लागतो. हे माप 1901 पासून चालत आलंय आणि आजही बनतं. क्लिकमध्ये त्यावर बारा चौकोनी फोटो निघतात. 110 ची छोटी कार्ट्रिजही थोडीफार मिळते. मात्र 126 ची कार्ट्रिज किंवा नव्वदीतला एपीएस यांचे ताजे रोल आता बनत नाहीत. असा कॅमेरा आठवण म्हणून जपा, वापरायला विकत घेऊ नका.

गैरसमज 2: "चालू कंडिशन" म्हटलं की कॅमेरा चालू.

मुंबईत फोर्टमधला बोरा बाजार असो, पुण्याचा जुना बाजार असो की ओळखीतला कुणी, हे दोन शब्द सगळीकडे कानावर येतात. विकणारा खोटं बोलत असतो असं नाही. खटका दाबला की आवाज येतो, तेवढ्यावर तो चालू म्हणतो. पण आवाज येणं वेगळं आणि शटर नेमक्या वेळेला उघडून मिटणं वेगळं.

तपासणी अशी करा. आत रोल नाही याची खात्री करून मागचं दार उघडा. शटर एका सेकंदावर लावून खटका दाबा आणि मनात "एक हजार एक" म्हणा. तेवढ्यात पडदा मिटायला हवा. मग अर्धा सेकंद, पाव सेकंद असं उतरत जा. दर वेळी आवाज निम्म्यानं आखडायला हवा. वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्यातलं ग्रीस वाळतं आणि एका सेकंदाचे तीन होतात, नाहीतर पडदा अर्ध्यात अडकतो. आता सर्वांत वेगवान आकड्यावर लावा, लेन्स पांढऱ्या भिंतीकडे किंवा मोकळ्या आभाळाकडे धरा (सूर्याकडे कधीच नाही) आणि मागून बघत खटका दाबा. संपूर्ण चौकट एकसारखी लख्ख दिसली पाहिजे. एक कड काळी राहिली तर फोटोही तसाच अर्धवट काळा येणार.

मग दाराच्या खोबणीतला काळा फोम पाहा. उजेड आत शिरू नये म्हणून तो बसवलेला असतो आणि काही दशकांनी तो विरघळतो. माझ्या पहिल्या सेकंडहँड कॅमेऱ्याचं दार मी उघडलं तेव्हा बोटाला काकवीसारखं काळं, चिकट काहीतरी लागलं. तसाच रोल भरला आणि जवळपास प्रत्येक फोटोवर कडेनं केशरी आगीचे लोळ आले. दोष फोमचा होता. तो बदलणं हे दुरुस्तीतलं सर्वांत स्वस्त काम, म्हणून त्यावरून कॅमेरा नाकारू नका. फक्त हा खर्च धरून भाव करा.

गैरसमज 3: जुन्या कॅमेऱ्यांना सेल लागत नाही. किंवा लागतो, पण आता मिळत नाही.

दोन्ही गोष्टी अर्ध्या खऱ्या. पेंटॅक्स के1000 किंवा निकॉन एफएम2 यांचं शटर पूर्ण यांत्रिक आहे. सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला. ऑलिम्पस ट्रिप 35 ला मुळीच सेल लागत नाही. लेन्सभोवतीची जाळीदार पट्टी उजेडावरच वीज तयार करते. उलट कॅनन एई-1 मध्ये सेल नसेल तर खटकाच पडत नाही. त्यामुळे घेण्याआधी मॉडेलचं नाव पाहून एवढं विचारून घ्या.

घोळ होतो तो साठ-सत्तरच्या दशकांतल्या काही मॉडेल्समध्ये, उदाहरणार्थ मिनोल्टा एसआरटी 101. त्यांच्या मीटरला 1.35 व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पारा विषारी म्हणून ते सेल बंद झाले. दुकानदार त्याच आकाराचा 1.5 व्होल्टचा अल्कलाइन सेल देतो, तो बसतोही, पण व्होल्टेज जास्त असल्यानं मीटर उजेड जास्त दाखवतं आणि फोटो काळवंडतात. यावर सोपा उपाय श्रवणयंत्रांच्या दुकानात आहे. तिथे मिळणारा 675 नंबरचा झिंक-एअर सेल साधारण 1.4 व्होल्ट देतो. भोवती रबरी वायसर घातला की तो नीट बसतो. वरचं स्टिकर काढल्यावर तो काही आठवड्यांत उतरतो, म्हणून एक जास्तीचा जवळ ठेवा.

आणि मीटर पूर्ण मेलेलं असलं तरी कॅमेरा बाद होत नाही. फोनवर लाइट मीटरचं ॲप मिळतं. तेही नको असेल तर जुना ठोकताळा आहेच: लख्ख उन्हात ॲपर्चर 16 वर आणि शटरचा वेग रोलच्या आयएसओच्या जवळपास. 200 चा रोल असेल तर एक दोनशे-अडीचशेवा सेकंद. आपल्याकडे दिवाळीपासून होळीपर्यंत ऊन इतकं एकसारखं असतं की हा हिशेब क्वचितच चुकतो.

गैरसमज 4: लेन्सला बुरशी लागली की ती गेलीच.

कोकणात, मुंबईत, गोव्यात ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी सापडणं अगदी नेहमीचं. ॲपर्चर पूर्ण उघडा, फोनचा टॉर्च एका बाजूनं मारा आणि दुसऱ्या बाजूनं तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा मुळांसारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. काचेवर श्वास सोडल्यासारखी सरसकट धूसरता असेल तर ते वेगळं दुखणं, बहुधा आतल्या वंगणाची वाफ.

कडेला थोडेसे धागे असतील तर फोटोत बहुतेक काही दिसत नाही. बुरशी जास्त असेल तर उजेडाच्या दिशेनं काढलेले फोटो फिकट येतात. जाणकार कारागीर लेन्स उघडून ती साफ करू शकतो. मात्र बुरशी फार वर्षांची असेल तर तिच्यातलं आम्ल काचेवरचा थर खातं आणि तो डाग साफ करूनही राहतो. तेव्हा धागे पुसता येतात, खड्डे पुसता येत नाहीत, हे ध्यानात ठेवून किंमत ठरवा.

बुरशीचं मूळ ओलाव्यात आहे, आणि आपण कॅमेरा ज्या चामडी केसमध्ये प्रेमानं जपतो ती ओलावा धरून ठेवते. पावसाळ्याआधी कॅमेरा केसमधून बाहेर काढा. घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. रंग बदलणारे खडे घेतले तर ते ओले झाल्याचं लगेच कळतं, मग तापवून पुन्हा वापरता येतात. तांदळात ठेवू नका, त्याची भुकटी यंत्रात जाते. आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे कॅमेरा वापरत राहणं. हवा आणि उजेड मिळणाऱ्या लेन्सवर बुरशी सहसा धरत नाही.

गैरसमज 5: कॅमेरा जितका महाग, तितके फोटो चांगले.

फिल्मच्या कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे नेमक्या वेळेला उघडणारी काळोखी पेटी. फोटोचा दर्जा लेन्स, रोल आणि रोलची धुलाई यांवर ठरतो. एखादं मॉडेल गाजलं की त्याची किंमत चढते, पण त्याच लेन्स बसणारी त्याच कंपनीची साधी बॉडी कितीतरी स्वस्तात मिळते. खर्चाचा हिशेब असा करा: रोल, धुलाई आणि स्कॅनिंग यांची बेरीज घ्या आणि 36 नं भागा. ही एका फोटोची किंमत. ती कळली की कॅमेऱ्यावर वाचवलेले पैसे पाच-सहा रोलवर घालवणं किती शहाणपणाचं आहे हे पटतं. हात त्या रोलांनीच बसतो.

गैरसमज 6: मुदत संपलेला रोल स्वस्तही आणि सुंदरही.

फ्रीजमध्ये ठेवलेला रोल मुदतीनंतरही बरेच दिवस टिकतो. कपाटात किंवा माळ्यावर दहा-पंधरा उन्हाळे काढलेला रोल मात्र संवेदनशीलता गमावतो, रंग बिघडतात, चित्रावर धुकं येतं. दर दहा वर्षांना उजेड दुप्पट द्यावा असा एक ढोबळ नियम आहे, पण तो अंदाज आहे, हमी नव्हे. प्रयोग जरूर करा. भाचीच्या मुंजीला किंवा आजीच्या पंच्याहत्तरीला मात्र ताजाच रोल भरा. फ्रीजमधून काढलेला रोल तासभर डबीतच राहू द्या, नाहीतर त्यावर दव धरतं.

गैरसमज 7: घरी रोल धुवायचा तर लाल दिव्याची अंधारी खोली हवी.

हा समज सिनेमांनी दिला. लाल दिवा कागदावर कृष्णधवल कॉपी काढताना चालतो. नेहमीच्या फिल्मला लाल उजेडही दिसतो, म्हणून तिला पूर्ण काळोखच लागतो. पण तो काही मिनिटांचाच. दोन बाह्यांची काळी चेंजिंग बॅग घ्या, तिच्यात हात घालून फिल्म रिळावर चढवा, टाकी बंद करा. पुढचं सगळं स्वयंपाकघराच्या ओट्यावर, भर उजेडात.

कृष्णधवल धुलाईचं नेहमीचं तापमान 20 अंश. आपल्या नळाचं पाणी मेमध्ये याच्या खूप वर असतं. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवून तापमान उतरवा. 20 अंशाला 10 मिनिटं लागत असतील तर 24 अंशाला साधारण 7 पुरतात. रंगीत निगेटिव्हला याउलट 38 अंश लागतात. सुरुवात कृष्णधवलनं करा, ती चुका पोटात घालते. वापरलेलं हायपो, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण, मोरीत ओतू नका, त्यात चांदी उतरलेली असते. बाटलीत साठवा आणि जवळच्या लॅबमध्ये घेतात का ते विचारा.

गैरसमज 8: विमानतळावरच्या एक्स-रेनं काही होत नाही.

हातातल्या सामानाच्या जुन्या पद्धतीच्या यंत्रानं कमी आयएसओच्या रोलला सहसा इजा होत नाही. नवी सीटी स्कॅन यंत्रं मात्र न धुतलेला रोल खराब करू शकतात, आणि चेक-इन सामानात तर रोल कधीच ठेवू नये. पारदर्शक पिशवीत रोल वेगळे घ्या आणि हातानं तपासण्याची विनंती करा.

गैरसमज 9: स्कॅन फोनवर आले, काम झालं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती या समजाची. हल्ली बरेच जण लॅबकडून फक्त फाइल घेतात, निगेटिव्ह न्यायला परत जातच नाहीत. पण स्कॅन ही एक नक्कल आहे, कुणीतरी त्या दिवशी केलेली. मूळ चित्र निगेटिव्हमध्ये आहे आणि उद्या त्यावरून अधिक चांगला स्कॅन निघू शकतो. निगेटिव्हही आपोआप टिकत नाही. रंगीत निगेटिव्हचे रंग हळूहळू उडतात, दमट हवेत तिलाही बुरशी लागते. सहा-सहा फ्रेमच्या पट्ट्या कापून निगेटिव्हच्या पाकिटांमध्ये घाला, वर तारीख आणि गाव लिहा, कोरड्या जागी ठेवा.

आमच्या घरातला माळ्यावरचा कॅमेरा खाली आला तेव्हा केसच्या कप्प्यात एक खाकी पाकीट होतं. त्यातली पट्टी मी खिडकीशी धरली. काळ्या चेहऱ्यांची, पांढऱ्या केसांची माणसं एका अंगणात उभी होती. स्कॅन केल्यावर आजी ओळखू आली, ओच्यात फुलं घेतलेली, माझ्या आताच्या वयाची. तिचा हा फोटो कुणाच्याच अल्बममध्ये नव्हता. पन्नासएक वर्षं तो त्या पाकिटातच होता, कारण कुणीतरी निगेटिव्ह फेकून दिली नव्हती.

कॅमेरा तपासून घ्या, साधा घ्या, त्यात ताजा रोल भरा. आणि रोल धुऊन आला की ती पट्टी सांभाळून ठेवा.