नागपुरी उन्हाळ्यातलं खुराडं

नागपुरात घरी कोंबड्या पाळायच्या म्हटलं की जुनी माणसं आधी मुंगसाचं नाव काढतात. जाळी बारीक लाव, कडी पक्की कर, खाली फरशी टाक. सल्ला खोटा नाही. पण या गावात खुराड्याची परीक्षा मुंगसाच्या आधी मे महिना घेतो. २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता. कोंबडीचं अंग मुळातच ४१-४२ अंशांचं, आणि तिला घाम येत नाही. हवा अंगापेक्षा गार आहे तोवर थोडी उष्णता आपसूक निघून जाते. हवाच तापली की चोच उघडून धापा टाकायच्या आणि पंख अंगापासून दूर धरून उभं राहायचं, एवढंच तिच्या हाती उरतं. अशा दुपारी ती बंद टिनाच्या पेटीत असेल तर मुंगसाला यायची गरजच पडत नाही.

मोबाइलवर चित्र पाहून सुताराकडून करून घेतलेली लाकडी खुराडी हल्ली बंगल्यांच्या मागे दिसतात. उतरतं छप्पर, चिमुकली खिडकी, रंगवलेलं दार. दिसायला गोजिरवाणी. मुळात ती बर्फ पडणाऱ्या देशांसाठी काढलेली घरं आहेत. आतली ऊब आत राहावी हा त्यांचा सगळा खटाटोप. आपल्याकडे थंडी पडतच नाही असं नाही. २०१८ च्या डिसेंबरात नागपूर ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं. पण थंडीच्या त्या चार रात्री वाऱ्याच्या बाजूला पोतं लटकवलं की निभावतात. उन्हाळा पोत्यानं निभावत नाही.

आपल्या जुन्या लोकांना हे बरोबर कळलं होतं. डालं घ्या. बांबूच्या कामट्यांचं, घुमटासारखं विणलेलं, पालथं घालायचं. कोंबडी आणि पिल्लं त्याखाली कोंडली की घारीची भीती नाही, आणि विणीतल्या फटींमधून वारा खेळता. म्हणीतलं कोंबडं झाकतात ते असल्याच डाल्याखाली. विदर्भात हे काम बुरडांचं. मधल्या काळात त्यांच्या हाती बांबू पडणंच मुश्कील झालं होतं, कारण कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला आपल्या जंगलातला बांबू विकण्याचा हक्क २०११ मध्ये मिळाला. जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून वगळला गेला तो २०१७ मध्ये. तोवर बऱ्याच घरांत डाल्याची जागा प्लास्टिकच्या क्रेटनं घेतली होती.

डाल्यात कोंबड्या दिवसा राहतात. रात्रीला पक्कं खुराडं लागतंच. दहा कोंबड्यांचं धरून बोलू.

जागा निवडताना सांदवाडीतल्या झाडाची पूर्वेची बाजू शोधा. दुपारी तीनचं ऊन अडवणारा एक कडुनिंब दोन पंख्यांचं काम करतो. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवायची, म्हणजे लांब भिंती उत्तरेला आणि दक्षिणेला येतात, आणि सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन फक्त आखूड बाजूंवर पडतं. एका पक्ष्याला रात्रीपुरती दीड ते दोन चौरस फूट जागा. म्हणजे पाच बाय चारचं खुराडं दहा जणींना पुरतं. सरकारी अनुदानाच्या योजनेत २५ तलंगा आणि ३ नर असा गट मिळतो, आणि खर्चाच्या तपशिलात ‘रात्रीचा निवारा’ असं कलमही असतं. त्या २८ पक्ष्यांना सहा बाय सातची खोली हवी. मी पाहिलेले बरेचसे निवारे याच्या निम्मे होते.

नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. ती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. नुसते खांब रोवून उभं केलेलं खुराडं एका पावसाळ्यात तिरकं होतं, दार चौकटीत बसेनासं होतं, आणि मुंगसाला लागते तेवढी फट तयार होते. म्हणून माती फूटभर काढून मुरूम भरायचा, चोपायचा, आणि त्यावर जमिनीपासून थोडं उंच जोतं घ्यायचं. खर्च थोडा वाढतो. पण पैसा वाचवायचा तर रंगात वाचवावा, जोत्यात नाही.

जोत्यावर फूट-दीड फूट विटांची भिंत, आणि तिच्यावर छपरापर्यंत जाळी. उत्तर-दक्षिण दोन्ही बाजू जाळीच्याच. फक्त पश्चिमेला कुडाची भिंत घालावी किंवा दोडक्याचा वेल चढवावा. आता मुंगसाचं. बाजारात कोंबडीजाळी म्हणून मिळते ती षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवण्यापुरतीच. कुत्रा ती फाडतो, घूस कुरतडते, आणि तिच्या भोकांमधून लहानसा साप सहज आत येतो. अर्ध्या इंचाची वेल्डमेश घ्या आणि जोत्याभोवतीही तिचीच पट्टी फूटभर जमिनीत गाडा. कडीला खटका हवा. नुसता आकडा बोक्याच्या पंजानं उघडतो.

छपराला कवेलू मिळाले तर दुसरं काही बघू नये. जुनी घरं पाडतात तिथं ते अजून मिळतात. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. टिनच वापरायचं असेल तर ते डोक्यापेक्षा उंच असावं, वरून चुना मारावा आणि मार्चमध्ये तुराट्यांचा किंवा तणसाचा थर घालावा. जूनमध्ये तो न विसरता काढायचा, नाहीतर सडतो. छप्पर भिंतीच्या बाहेर अडीच-तीन फूट यायला हवं, कारण उघड्या जाळीतून इथला पाऊस आडवा आत शिरतो.

लाकडासाठी लकडगंज आहेच. आरा मशीनवर उरलेल्या सागाच्या पट्ट्या झोपायच्या दांड्यासाठी उत्तम. दोन इंच रुंद, कडा गोल केलेल्या, दर कोंबडीमागे आठ इंच. दांड्यासाठी बांबू टाळावा, त्याच्या पेरांत आणि चिरांत पिसवा घर करतात. दांडा अंडी घालायच्या खोक्यापेक्षा उंच हवा, कारण कोंबडी रात्री सगळ्यात उंच जागा शोधते. खोकं उंच असलं तर ती खोक्यातच झोपते आणि सकाळी अंडी विष्ठेनं माखलेली निघतात. खोकं फूटभर लांब-रुंद, चार-पाच कोंबड्यांना एक पुरे. संत्र्याची जुनी लाकडी पेटी आडवी ठेवून मधे फळी मारली की दोन खोकी होतात. जमिनीवर धानाचं तूस. भंडारा-गोंदियाच्या गिरण्यांमुळे ते इथं दुर्मीळ नाही. उन्हाळ्यात थर दोन इंचांचाच ठेवावा. जाड थर कुजताना स्वतःच तापतो.

एक खुराडं मात्र खास या गावचं म्हणावं असं: कूलरचं. जुन्या लोखंडी कूलरची बॉडी भंगारात सहज मिळते. पंखा आणि मोटर काढली, तीन बाजूंच्या जाळ्यांमधला खस उपसला, की झडपांसारख्या पट्ट्यांच्या तीन हवेशीर भिंती तयार मिळतात. पंख्याच्या गोल भोकावर वेल्डमेश मारायची, आतून झडपांनाही तीच. खालच्या पाण्याच्या टाकीत तूस भरलं की ते बाहेर सांडत नाही. स्टँडमुळे तळ जमिनीपासून वर राहतो. तीन बाय तीनच्या बॉडीत पाच-सहा कोंबड्या रात्र काढतात. पण ते झाडाखालीच ठेवायचं. उन्हात ठेवलं तर ती भट्टी. आणि टाकीचा पत्रा विष्ठेच्या ओलीनं गंजतो, म्हणून तुसाखाली चुना भुरभुरवत राहावं. फार वर्षं टिकत नाही. पण फारसे पैसेही पडत नाहीत.

मे महिन्यात दाणा पहाटे आणि ऊन उतरल्यावरच द्यावा, दुपारी पचनाची उष्णता नको. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोनदा बदललेलं. पश्चिमेच्या बाजूला ओलं पोतं चालेल, पण समोरची बाजू उघडी असेल तरच. बंद खुराड्यात ओल धरली की दमट उकाड्यात कोंबड्या आणखी लवकर जातात.

खुराड्याचं एक काम २०२४ पासून वाढलं आहे. त्या मार्चमध्ये नागपूरच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रात बर्ड फ्लू निघाला आणि तिथले हजारो पक्षी मारावे लागले. पुढच्याच हिवाळ्यात नागपूरच्याच गोरेवाडा प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या याच रोगानं गेले. रोग निघाला की आसपासच्या घरगुती कोंबड्याही माराव्या लागतात, हे २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरनं पाहिलं आहे. दाणापाणी छपराखाली जाळीच्या आत ठेवलं तर कावळे-बगळे तिथं उतरत नाहीत. धोका संपत नाही, कमी होतो. मानमोडीची लस वेगळी, ती चुकवायची नाही. सेमिनरी हिल्सला १९५८ पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे. शंका असेल तर तिथं विचारावं.

बांधायला दिवाळीनंतर घ्या, म्हणजे होळीपर्यंत चुना वाळून होतो. कोंबड्या मात्र लगेच आणू नका. पहिल्या मे महिन्यात दुपारी दोन वाजता खुराड्यात एक थर्मामीटर टांगा आणि एक बाहेर सावलीत. आतला आकडा जास्त निघाला, तर एखादी बाजू अजून उघडावी लागेल.