शिंकणारं हरीण, बोलणारा सिंह

चिंकारा घाबरला की शिंकतो. अगदी खरोखर शिंकतो. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथल्या पिवळ्या गवतात आपली चाहूल लागली की चिंकारा मान ताठ करतो, पुढचा खूर आपटतो आणि नाकातून फस्सकन आवाज काढतो. आसपास चरणाऱ्या भाईबंदांना तेवढा इशारा पुरतो. संस्कृतात छिक्का म्हणजे शिंक आणि छिक्कार हे एका हरणाचं नाव. ते नाव पहिल्यांदा घेणाऱ्याच्या कानात हीच शिंक असणार, असं मला मनापासून वाटतं.

आदल्या रात्री ‘द लायन किंग’ पाहून आलेलं चार वर्षांचं पोर या माळावर उभं राहिलं, तर त्याला प्रश्न पडणारच. चित्रपटातला सिंह मुफासा लेकाशी घडाघडा बोलतो. २०१९च्या हिंदी आवृत्तीत तर मुफासाला शाहरुख खानचा आवाज होता. मग हे हरीण नुसतंच का शिंकतं?

मुळात पडद्यावरचं जनावर बोलतं कसं, हेच थक्क करणारं आहे. १९९५च्या ‘बेब’मध्ये डुकराचं एक पिल्लू मेंढ्या राखायला शिकतं. आपल्याला ते एकच दिसतं, पण चित्रीकरणाला ४८ पिल्लं लागली, कारण ती इतकी भराभर वाढतात की थोड्याच आठवड्यांत भूमिकेच्या मापाबाहेर जातात. काही दृश्यांत यांत्रिक पिल्लू वापरलं. बोलण्याच्या वेळी खऱ्या जनावराच्या तोंडावर संगणकानं घडवलेला हलता जबडा बसवला. दृश्य-करामतींचं ऑस्कर या चित्रपटाला मिळालं, आणि मागे पडला तो ‘अपोलो १३’. चंद्राकडे झेपावणाऱ्या यानापेक्षा डुकराचे हलणारे ओठ सरस ठरले!

लहान मुलांना मात्र विश्वास बसायला एवढा खटाटोप लागत नाही. चंद्र आपल्यामागून चालतो, असं ती मनापासून मानतात. झ्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञानं १९२०च्या दशकातच हे टिपून ठेवलं. आपल्याकडे चिऊचं घर मेणाचं आणि काऊचं शेणाचं, यावर कोणत्या पोरानं कधी शंका घेतली? पण आजी गोष्ट सांगते तेव्हा पोराचा चेहरा बघून सांगते. ते दचकलं की आवाज उतरवते, ओठ थरथरले की काऊला लवकर घरी पोचवते. कावळा केवढा नि किती काळा, हे पोर स्वतःच ठरवतं, सोसवेल तेवढंच. थिएटरातला पडदा असा थांबत नाही. चित्र तयार असतं, भिंतीएवढं असतं आणि आवाज छातीत घुमतो. असा चित्रपट कोणत्या वयात दाखवावा, हा खरा प्रश्न मला इथे दिसतो. जनावर बोलतं, यात मला काहीच वावगं वाटत नाही.

१९८५ साली सिंथिया हॉफनर आणि जोॲन कँटर यांनी एक सुंदर प्रयोग केला. एका म्हातारीची आणि मांजराची छोटी फिल्म, चार प्रकारे. कधी म्हातारी गोड आजीसारखी, कधी चेटकिणीसारखी. कधी मांजराला कुरवाळणारी, कधी छळणारी. तीन ते पाच वर्षांची मुलं मुख्यतः तिच्या रूपावरून निवाडा करत होती. नऊ-दहा वर्षांची मुलं ती वागते कशी, ते बघत होती. म्हणजे एकाच ओळीत बसलेली दोन भावंडं दोन वेगळे चित्रपट पाहत असतात. ‘लायन किंग’मध्ये धाकट्याला भीती विद्रूप चेहऱ्याची. थोरल्याच्या पोटात गोळा येतो तो आता बाप मरणार या जाणिवेनं.

आणि बाप खरंच मरतो. २०१४ साली कॅनडातल्या इयान कोलमन आणि सहकाऱ्यांनी मुलांचे ४५ गाजलेले ॲनिमेशनपट मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांशी ताडून पाहिले. महत्त्वाचं पात्र मरण्याचा धोका मुलांच्या चित्रपटांत सुमारे अडीचपट निघाला. ‘बांबी’त हरणाची आई जाते, ‘फाइंडिंग नीमो’त तर सुरुवातीलाच आई जाते. सेन्सॉरच्या प्रमाणपत्रावर आता यूए ७+ असा टप्पा आला आहे, तो जरूर बघावा. पण यू शिक्का तीन वर्षांच्या आणि सहा वर्षांच्या मुलात फरक करत नाही. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त पडदा नको, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि चित्रपट तर दीड तासाचा. घरी, अर्धा अर्धा करून, मांडीवर घेऊन दाखवावा, असं माझं मत.

रूपावरून निवाडा करण्याची सगळ्यात मोठी किंमत आमच्या माळावर तरसानं मोजलीय. ‘लायन किंग’मधले तरस खदाखदा हसणारे, लाळगाळू, कपटी. ते आफ्रिकेतले ठिपकेवाले. बारामती-इंदापूरच्या गवताळ रानातलं तरस पट्टेरी, बहुतेक वेळ मुकं. रात्री एकटंच फिरतं, मेलेली जनावरं खातं, हाडंसुद्धा फोडून खातं आणि माळ स्वच्छ ठेवतं. घाबरलं की पाठीवरची आयाळ उभी करतं, म्हणजे आहे त्याहून मोठं दिसावं. या भित्र्या प्राण्याची ओळख पोराला खलनायक म्हणून व्हावी, याचं मला फार वाईट वाटतं.

लांडग्याचंही तेच. ‘लांडगा आला रे आला’ प्रत्येक पोराला पाठ; लांडग्याची भाषा कुणाला ठाऊक नाही. वनखात्यानं इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला आणि बारामतीत शिर्सुफळला गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, तिथे पहाटे जावं. नशीब असेल तर दुरून हेल ऐकू येतो, लांब, चढत जाणारा. संशोधकांनी भारतीय लांडग्यांचे आवाज ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा हेल वेगळा, भुंकणं मिसळलेला हेल वेगळा, कुईकुई वेगळी, असे प्रकार निघाले. त्याहून नवल म्हणजे प्रत्येक लांडग्याचा हेल थोडा वेगळा असतो, इतका की नुसत्या आवाजावरून कोणता लांडगा ते बऱ्याचदा ओळखता येतं.

म्हणजे बांधापलीकडून येणाऱ्या त्या आवाजात बोलणाऱ्याची ओळख असते. ती काळोखातही पोचते, तोंड न दिसता. पोर विचारेल, तो काय म्हणाला? मी त्याला गाडीत उभं करीन आणि सांगीन, आता दुसरीकडून कोण उत्तर देतंय ते ऐक.