मालक अंथरुणाला, तर शटर खाली



आजचा विषय बघून काही जण म्हणतील, सर, हे धंद्याचं चॅनेल आहे की जिमचं? धंद्याचंच आहे. तुमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये मशीनचा घसारा असतो, मशीनच्या देखभालीचा खर्च असतो. मशीन चालवणाऱ्या माणसाच्या देखभालीला मात्र एक ओळसुद्धा नसते. मोठ्या कंपनीत साहेब पंधरा दिवस रजेवर गेले तरी पगार होतात. तुमच्याकडे? खरेदी तुमची, उत्पादन तुमचं, वसुलीही तुमचीच. कंबर धरली की ऑर्डर अडकली, आणि बँकेचा हप्ता काही तुमची कंबर सुटायची वाट बघत नाही.

मालवण तालुक्यातलं मसुरे घ्या. गड नदीच्या काठचं, वाड्यावाड्यांत पसरलेलं मोठं गाव. भराडी देवीची जत्रा भरते ती आंगणेवाडी याच मसुऱ्याची. अशा गावात छोटा धंदा बहुतेक घरातूनच चालतो: काजू, कोकम, मसाले, खानावळ. आणि इकडे व्यायामाचं नाव काढलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "सर, दिवसभर काम करतंय, तोच माझो व्यायाम."

ह्या वाक्यात दम आहे, मी ते उडवून लावणार नाही. पण नीट बघा. काजूच्या कटरवर बसलेली ताई काय करते? तोच हात, तोच पाय, तीच वाकलेली मान, तासन् तास. सालं सोलतानाही तेच. हे कष्ट आहेत, त्यात शंका नाही. पण त्यात शरीराचा एकच भाग झिजतो आणि बाकीचं शरीर बसून राहतं. छातीचा भाता जोरात चालत नाही, पाठ उलट्या बाजूला कधी ताणली जात नाही. कामाने जो भाग वाकवला तो सरळ करणं आणि जो भाग बसून राहिला तो हलवणं, हा व्यायामाचा अर्थ. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलंय ते आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल, आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चालणं. मोबाईलवर आपण रोज किती वेळ घालवतो, ते सेटिंगमध्ये जाऊन एकदा बघाच.

सुरुवात सगळेच करतात. अडचण टिकवण्याची आहे, आणि कोकणात तर कॅलेंडरच आडवं येतं. उन्हाळ्यात काजू-आंब्याचा हंगाम, मग चार महिने धो धो पाऊस, त्यात चतुर्थी आली की सगळं घर मुंबईकर पाहुण्यांनी भरलेलं, पुढे जत्रेची गडबड. आंगणेवाडीच्या जत्रेची तर तारीखही ठरावीक तिथीला नसते, देवीचा कौल घेऊन ठरते. "रोज सकाळी सहाला रस्त्यावर पाच किलोमीटर" हा बेत इथे जूनच्या पहिल्या पावसात वाहून जाणार, यात तुमच्या इच्छाशक्तीचा काय दोष? बेतच चुकीच्या गावासाठी केलेला होता.

म्हणून मला औंधच्या राजांचं उदाहरण आवडतं. भवानराव पंतप्रतिनिधी, जन्म १८६८. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावहून कारखाना हलवायची वेळ आली, तेव्हा आपल्या संस्थानात जागा देऊन १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहायला मदत करणारे तेच हे राजे. त्यांनी सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला, संस्थानच्या शाळांत ते सुरू केले, त्यावर पुस्तकं लिहिली. १९३८ मध्ये लुईझ मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं त्यांचं इंग्रजी पुस्तक निघालं, तेव्हा राजे सत्तरीत होते. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं की त्यांनी निवडलेल्या व्यायामाला एका चटईएवढी जागा पुरते. पाऊस असो, पाहुणे असोत, पडवीत होतो. फी नाही, यंत्र नाही. राजाला काय परवडलं नसतं हो? तरी निवडलं हेच.

आता "२१ दिवसांत सवय लागते" हे तुम्ही शंभर वेळा ऐकलं असेल, स्टेजवरून माइक हातात घेऊन सांगणारेही बरेच आहेत. हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून. शस्त्रक्रियेनंतर पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला किमान इतके दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. त्याचा तुमच्या दंड-बैठकांशी काय संबंध? लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ लोकांच्या सवयींचा अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मधला आकडा आला ६६ दिवस. कुणाचे १८, तर कुणाचा अंदाज २५४ पर्यंत गेला. व्यायामाची सवय खाण्यापिण्याच्या सवयीपेक्षा जास्त वेळ घेते, हेही दिसलं. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय मोडली, असं झालं नाही. त्यामुळे बाविसाव्या दिवशी अंगात आळस असेल तर घाबरू नका, तुमचं वेळापत्रक बरोबरच चाललंय.

आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. किमान ऑर्डर ठरवा. हंगामात, ताप उतरल्यावर, पाहुणे असताना, काहीही झालं तरी होईल एवढीच: तीन सूर्यनमस्कार, किंवा पाच मिनिटं. मोकळ्या महिन्यांत अर्धा तास. चुकलेल्या दिवसाची उधारी पुढे ओढू नका. काल बुडाले म्हणून आज दुप्पट, असं केलं की परवा पाय उचलत नाही आणि चौथ्या दिवशी सगळंच बंद. आणि नोंद ठेवा. वेगळी डायरी नको, रोजकीर्दीतच तारखेपुढे एक खूण. जमा-खर्च लिहिताना ती रिकामी जागा डोळ्याला टोचते.

उद्दिष्ट वजनाच्या काट्यावर ठेवू नका असं माझं मत आहे. वजन हलायला वेळ लागतो आणि माणूस चिडतो. मसुरेकरांना तर उशाशी भरतगड आहे. आज चढताना किती वेळा थांबावं लागलं ते मोजा, महिन्याने पुन्हा मोजा. गावाला डोंगर नसेल तर दुकानाचा जिना, किंवा पोतं उचलल्यावर लागणारा दम. तुमच्या कामात उपयोगी पडेल असं माप घ्या.

एकट्याने जमत नसेल तर बचत गटाकडे बघा. मीटिंग चुकवली तर दंड, हप्ता चुकवला तर चारचौघींत उत्तर द्यावं लागतं, म्हणून तर गट चालतो. त्याच चौघी संध्याकाळी देवळापर्यंत भरभर चालून येऊ शकतात. मालाच्या दरावर बोलणंही होतं.

चाळिशीच्या पुढे असाल, बीपी-शुगर असेल, चढताना छातीत भरून येत असेल, तर आधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन तपासून घ्या, मगच सुरू करा. आणि तुमची किमान ऑर्डर किती ठरली, ती व्हिडिओखाली आकड्यात लिहा. "उद्यापासून करतो" असं लिहिलंत तर मी तारीख विचारणार.